दुसरं वाचन

"दुरुस्तीकाकांचं काम म्हणे आता ते करतच नाहीत, सगळं ती झोपेत—"

एवढंच माझ्या कानावर आलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी जिना झाडणाऱ्या बाईंना सांगत होत्या, आणि मी पिशवी घेऊन वळणावर पोहोचले तशा दोघी एकदम गप्प झाल्या. वहिनी सुई पडल्यासारख्या जमिनीकडे बघू लागल्या आणि झाडणाऱ्या बाईंनी झाडून झालेली पायरी पुन्हा झाडायला घेतली. एरवी मला पाहून या जिन्यात कोणी गप्प होत नाही. उलट मी दिसले की लोकांना बोलायला सुचतं, कारण कुणाकडे काय चाललंय हे माझ्याइतकं मन लावून कोणी ऐकून घेत नाही. आमचे हे त्याला नाक खुपसणं म्हणतात, मी आस्था म्हणते. तेव्हा माझ्या तोंडावर अर्धं वाक्य गिळलं जावं, आणि तेही काकांबद्दलचं, हे मला फारच लागलं.

"ती म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कुठे कोण? आम्ही आपलं सिरियलचं बोलत होतो."

"दुरुस्तीकाका सिरियलमध्ये कधीपासून दिसायला लागले?"

"अगंबाई, नळ चालू राहिला वाटतं," म्हणत वहिनी आत पळाल्या आणि दार लावून घेतलं. नळ बंदच होता. मी दाराशी थोडं थांबून खात्री करून घेतली.

काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. एकटे राहतात आणि दिवसभर दुरुस्त्या करतात अशी त्यांची ख्याती इमारतभर झाली होती; पण कसल्या दुरुस्त्या ते कोणालाच नीट ठाऊक नसल्यामुळे लोक त्यांच्या दाराशी बिघडलेल्या इस्त्र्या आणि न फिरणारे पंखे ठेवून जात. सुरुवातीला ते "अहो, माझं काम हे नव्हे" असं समजावून सांगत. मग त्यांनी तो नाद सोडला आणि इस्त्र्याही दुरुस्त करायला शिकले. असा माणूस.

त्यांचं खरं काम काय ते मला विचारायला लाज वाटत नाही म्हणून समजलं. "एक प्रोग्रॅम आहे," त्यांनी सांगितलं, "त्यात बसून लोक दुसरे प्रोग्रॅम लिहितात. सुताराचं कामाचं टेबल समजा, करवती-पटाशींसकट. हे टेबल कोणाच्याच मालकीचं नाही. फुकट आहे, उघड्यावर आहे. कोणीही येऊन त्यावर काम करावं, आणि ज्याला एखादा पाय डुगडुगताना दिसेल त्याने पाचर तासून माझ्याकडे पाठवावी. ती पाचर बरोबर बसते का, तिच्यापायी दुसरा पाय तर उचलला जात नाही ना, हे बघून मी ती ठोकतो किंवा परत पाठवतो."

"पगार किती?"

"पगार नाही."

"मग करता कशाला?"

"डुगडुगतं टेबल बघवत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच लाजले.

जगातून कुठून कुठून या पाचरी येत. शिकणारी मुलं पाठवत, दवाखान्यांची यंत्रं चालवणारे पाठवत, आणि पाठवणाऱ्याचं खरं नाव क्वचितच असे; कोणी स्वतःला काळी मांजर म्हणवून घेई, कोणी सव्वासात. प्रत्येक दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याने ती का केली ते एकदोन ओळींत लिहायचं असा रिवाज होता. काका कोणालाही नुसतं 'नको' म्हणत नसत. परत पाठवतानाही दोन गोड शब्द लिहीत, इतके गोड की एका काळ्या मांजरीला आपली दुरुस्ती नाकारली गेली आहे हेच बरेच दिवस कळलं नव्हतं.

पुढे त्यांची नजर मधोमध धूसर व्हायला लागली. पडद्यावरची अक्षरं त्यांनी अंगठ्याएवढी केली, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "कंस उघडला. ज्याची किंमत शून्य तो बाजूला. कंस मिटला." हे मला आमच्या ओट्यापाशी भिंतीतून ऐकू येई. एकटा माणूस भिंतीशी बोलतोय हे ऐकवेना म्हणून मी एक दिवस चहाचे दोन कप घेऊन गेले आणि म्हटलं, वाचायचंच आहे तर माणसाला वाचून दाखवा.

ते खूश झाले. "आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे," म्हणाले. "काही अडलं की लोक टेबलावर एक खेळण्यातलं बदक ठेवतात आणि त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगतात. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच ऐकू येते."

"म्हणजे मी बदक?"

"बदक चहा आणत नाही, बाई."

तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की ते चमच्याने भिंतीवर टकटक करत आणि मी भाजी निवडायची घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसे. मला त्यातलं काही कळत नसे. पण माणूस जे प्रेमाने वाचतो ते ऐकायला कळावंच लागतं असं नाही.

आता आमच्या एका लबाडीबद्दल सांगते. काकांच्या कामात एक नियम होता, त्यांनीच घालून दिलेला: दोघांनी वाचल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती आत जायची नाही. पहिलं वाचन काकांचं. दुसरं वाचन परदेशातला एक मित्र करी. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण भाऊ भांडणार नाहीत असे ते एका स्वल्पविरामावरून भांडत. त्या मित्राला नातू झाला आणि तो हळूहळू येईनासा झाला. दुरुस्त्या तुंबल्या, कारण दुसऱ्या नावाची खूण पडल्याशिवाय तो प्रोग्रॅम काही आत घेतच नव्हता. तेव्हा काकांनी एक नवं नाव तयार केलं, बदक, आणि एक दुरुस्ती मला वाचून दाखवल्यावर म्हणाले, "हे बटण तुम्ही दाबा."

"मी?"

"ऐकलंत ना?"

"शब्दन् शब्द."

"मग झालं दुसरं वाचन." तोंडाने हसत होते, पण मान खाली होती. "खरं तर हे बरोबर नाही. पण खरंच कोणीतरी ऐकलंय, तेव्हा नियम अगदीच मोडला असंही नाही."

मी बटण दाबलं. नंतर रोजच दाबू लागले, आणि मला त्यात काही वाटेनासं झालं.

मग एके दुपारी मी गेले तर काका खुर्चीत ताठ बसलेले, डोळ्यांत मिस्कील चमक. "काय हो," म्हणाले, "कधीपासून चाललंय हे?"

"कसलं?"

"बदकाकडून दुरुस्ती आली आहे."

मला वाटलं थट्टा. पण त्यांनी ती वाचून दाखवली. कुठेतरी एक फट होती म्हणे, वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात न आलेली, आणि ती अगदी थोडक्यात बुजवलेली होती. खाली कारण लिहिलं होतं: 'दार नुसतं लोटलेलं होतं. कडी लावली.'

"शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नाही म्हणता," काका म्हणाले, "आणि लिहिता असं!"

"अहो, आमच्या घरात कॉम्प्युटर तरी आहे का?"

"फोनवरूनही जमतं."

मी नाही नाही म्हणत राहिले आणि ते हसत राहिले. मी विनयाने नाकारतेय अशीच त्यांची समजूत झाली. मला खरं सांगायचं तर गंमतच वाटली. कोणीतरी दुसऱ्या देशातला टवाळ पोरगा ते नाव वापरत असेल आणि त्याचं श्रेय मला मिळतंय, तर मिळो बापडं. खूण मात्र आता अवघड झाली, कारण आपली दुरुस्ती आपणच वाचून मंजूर करायची नाही हाही नियमच. काकांनी परदेशातल्या मित्राला गळ घातली. त्याने नातवाला मांडीवर घेऊन बदकाची दुरुस्ती वाचली आणि उलट टपाली लिहिलं, 'हे कोण सापडलं तुला? सोडू नकोस.'

बदकाच्या दुरुस्त्या येत राहिल्या. नेहमी दुपारीच, मी काकांकडून परत येऊन जराशी आडवी व्हायचे त्या वेळेला. काका आनंदात असत. त्यांची पुतणी केव्हापासून त्यांना आपल्याकडे बोलावत होती. तिने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर बजावलंच होतं की पडदा सोडलात तर उरलेली नजर टिकेल, नाहीतर तीही जाईल. पण काम भरवशाच्या हातात दिल्याशिवाय काका हलायला तयार नव्हते. "बेवारशी सोडलं तर कोणीही येऊन त्यात काहीही ठोकेल," म्हणायचे. "ते बघायलाही मला डोळे नसतील." आणि आता ते माझ्याकडे वारस सापडल्यासारख्या नजरेने बघायला लागले.

एके दिवशी त्यांनी बदकाची एक लांबलचक दुरुस्ती वाचली आणि खालची ओळही. 'कोपरा कोपऱ्याला भेटला की मधलं आपोआप सरळ होतं.'

"किती सुंदर," काका म्हणाले.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. माझी आई एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. मोठमोठ्या चादरींच्या घड्या घालताना ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या, आणि आम्ही एकमेकींकडे चालत येत असताना ती हेच म्हणायची, याच शब्दांत. आई जाऊन फार काळ लोटला. हे वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही, कारण चादरीची घडी घालायला ते कधी आलेच नाहीत. ते वाक्य मी मनातसुद्धा शब्दांनी म्हणत नाही. नुसते हात म्हणतात.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. शेंग किडकी निघाली."

हे झालं आणि त्याच आठवड्यात जिन्यातलं ते अर्धं वाक्य कानावर आलं. संध्याकाळी हे रंगाच्या दुकानातून आले, जेवायला बसले, तेव्हा मी सांगितलं की शिवणवाल्या वहिनी काकांबद्दल काहीबाही बोलतायत, कोणीतरी 'ती' झोपेत काम करते म्हणे. ह्यांचा घास तोंडाशीच थांबला.

"तुम्हाला माहितीय काहीतरी," मी म्हटलं.

"मला कशाला माहीत असणार?"

"कान लाल झालेत तुमचे."

"तिखट आहे भाजी." मग भाजी चिवडत म्हणाले, "अगं, मी आपलं शिवणवाल्याला गमतीत बोललो होतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी घरी असतो ना, तेव्हा तू झोपेत बडबडतेस."

"मी? काय बडबडते?"

"कंस उघडला, कंस मिटला. शून्य बाजूला. दिवसभर ते ऐकतेस, झोपेत येणारच. मी म्हटलं शिवणवाल्याला, आमची बायको झोपेत काकांचं काम उरकते, पगार मात्र तिथेही नाही."

म्हणजे अफवेचा बाप माझ्याच ताटासमोर बसला होता. मी चांगलं खडसावलं, त्यांनी कान धरले, आम्ही दोघं हसलो. हसणं ओसरल्यावर ते सहज म्हणाले, "बोटंही चालतात तुझी. चादरीवर. मी एकदा हातावर हात ठेवला तर थांबली, आणि तू झोपेतच म्हणालीस, 'अजून झालं नाही.'"

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी झोपणं सोडलं. कपाटं आवरली, सगळ्या डब्यांची झाकणं घासली, डुलकी येईलसं वाटलं की उठून तोंडावर पाणी मारलं. बदकाकडून काही आलं नाही. पुढच्या दिवशी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काका भिंतीवर टकटक करत, मी जाई, ते काळ्या मांजरीचं आणि सव्वासातचं वाचून दाखवत आणि शेवटी माझ्याकडे न बघता म्हणत, "तुमचं काही दिसलं नाही आज. दमला असाल." त्यांचा आवाज असा खाली जाई की मला आपणच काहीतरी चोरून ठेवल्यासारखं वाटे. नाही म्हटलं तरी मी चोरलंच होतं. फक्त काय, ते मला ठाऊक नव्हतं.

अशात पुतणी आली. नीटस, हसरी, डोळ्यांत काळजी. काका आतल्या खोलीत असताना मला हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. डॉक्टर म्हणतात आता एक दिवसही जास्त नको. काम कोणाला तरी द्यायचं म्हणतात, मग देत का नाहीत?"

तेव्हा मी ठरवलं की खरं काय ते सांगून टाकायचं. ती बाजारात गेल्यावर काकांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "काका, माझ्या आईची शपथ. बदक मी नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही. जे आलं ते मी पाठवलेलं नाही."

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी चेहरा माझ्या दिशेला वळवला. आता त्यांना माझा चेहरा मधोमध दिसत नसे, कडेकडेनेच दिसे.

"मग कोण?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"तुम्ही नसाल तर कोणीतरी अनोळखी माणूस त्या नावाने आत आलेला आहे, बाई. मग मला ते नाव आजच बंद करायला हवं. आणि त्याने पाठवलेलं सगळं, त्यावर नंतर इतरांनी जे जे रचलं ते सगळं, एकेक करून उपसून बघायला हवं." ते हे अगदी शांतपणे बोलत होते, दुसऱ्याचं दुखणं सांगावं तसं. "लोकांनी विश्वासाने त्यावर कामं उभी केली आहेत. टाकून जाता येणार नाही. पुतणीला सांगतो, खोली कोणाला तरी देऊन टाक." मग त्यांनी दोन्ही डोळे तळहातांनी दाबले. "तेवढ्याला पुरायला हवेत, बस."

मी त्यांच्याकडे पाहिलं. अंगठ्याएवढ्या अक्षरांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता.

"काय हो काका," मी म्हटलं, "तुमची थट्टा करायचीही सोय राहिली नाही. मीच आहे. लाज वाटली म्हणून नाही म्हणत होते."

"खरं?"

"कोपरा कोपऱ्याला, ते माझ्या आईचं वाक्य. आणखी कोणाला ठाऊक असणार?"

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि मीही हसले. खोटं बोलताना एकच गोष्ट खरी सांगितली होती, आणि मला भीती तिचीच होती.

घरी आले. ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मी धुतलेली चादर घातली, पडदा ओढला, केस सोडून आडवी झाले. कोणासाठी जेवण करावं, कोणाला औषध आणून द्यावं, तशी मी त्या दुपारी काकांसाठी झोपले. जाग आली ती भिंतीवरच्या टकटकीने. काका एखादं लहान मूल दार वाजवतं तशी चमच्याने भिंत वाजवत होते आणि पलीकडून ओरडत होते, "आली हो, बाई, आली!"

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. कामाची किल्ली माझ्या हाती द्यायची म्हणजे लोखंडाची नव्हे, नुसती एक परवानगी. पण काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. पुतणी मागे उभी होती. त्यांनी माझं बोट आपल्या बोटाखाली धरलं आणि आम्ही ते बटण मिळून दाबलं. पडदा क्षणभर कोरा झाला. मग काकांनी डोळे बारीक करून, पुढे वाकून वाचलं, "'मिळाली. जपून ठेवते.'" माझं बोट अजून त्यांच्या बोटाखालीच होतं. पण काका इतके भरून आले होते, आणि पुतणी इतकी हुंदके देत होती, की याचं नवल वाटायला त्या खोलीत माझ्याखेरीज कोणी मोकळं नव्हतं. आणि मीही रडतच होते. शेजार सुटत होता.

ते गेल्यावर पलीकडची खोली बंद पडली. लोकांनी सवयीने इस्त्र्या दाराशी ठेवल्या आणि काही दिवसांनी मुकाट्याने उचलून नेल्या. शिवणवाल्या वहिनी एकदा माझ्यापाशी येऊन म्हणाल्या की तेव्हा वाईट हेतूने बोलले नव्हते हं, आमच्या ह्यांनी सांगितलं तेच पुढे सांगत होते. मी म्हटलं, जाऊ द्या, आमच्याच ह्यांची देणगी ती. आणि रोज दुपारी, ठरलेलं काम असावं तशी, मी नेमाने झोपत राहिले. हे माझ्याकडे नुसते बघत. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारचे बाहेर फिरायला जायला लागले.

काकांचा फोन येई. नजर तिथेच थांबली आहे, आणखी खाली गेलेली नाही, पुतणी फार लाड करते, गच्चीत बसून ऊन खातो. काम आता त्यांना एक यंत्र वाचून दाखवतं, पण ते फक्त मजा म्हणून ऐकतात. बघायचं काही उरलेलंच नाही, इतकं झकास चाललंय. परदेशातला मित्रही पुन्हा येऊ लागला होता, नातवाला घेऊन, दुसरं वाचन करायला.

परवा त्यांचा फोन सकाळीच आला. हे नुकतेच दुकानात गेले होते, मी ओट्यापाशी उभी होते, फोन कानाला लावला आणि गच्चीवरच्या कबुतरांपासून सुरू झालेल्या गप्पा चांगल्या रंगल्या. मध्येच काका म्हणाले, "कमाल आहे हो तुमची. बोलता बोलता हे कसं करता?"

"काय?"

"आत्ता आली ना तुमची दुरुस्ती. यंत्र आत्ता वाचतंय माझ्या दुसऱ्या कानात."

"आत्ता? म्हणजे या क्षणी?"

"या क्षणी म्हणजे या क्षणी."

केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! सकाळची वेळ, डोळे टक्क उघडे, माझ्या पायांवर उभी, तोंडाने बोलतेय. म्हणजे मी नव्हतेच. ह्यांची थट्टा ती थट्टाच होती, आणि शिवणवाल्या वहिनींनी जिन्यात अर्धं टाकलेलं वाक्य पूर्ण केलं असतं तरी खोटंच निघालं असतं. मी इतकी मोकळी झाले की खो खो हसले आणि विचारलं, "मग, खाली काय लिहिलंय आज?"

"थांबा, ऐकतो." ते ऐकत राहिले. मग त्यांच्या आवाजात माया आली. "बरं केलंत हे लिहिलंत ते. मला तुमच्या दुपारच्या झोपेचीच काळजी लागून राहिली होती. वाटायचं, झोपेच्या वेळात बिचारी माझं काम करत बसते."

"पण लिहिलंय काय?"

"'आता झोपावं लागत नाही.'"

काका पुन्हा कबुतरांकडे वळले, आणि मी हं हं करत ऐकत राहिले. फोन डाव्या हातात होता. उजव्या हाताने मी मघापासून ओटा पुसत होते, निदान माझी तशी समजूत होती. पण ओट्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं, आणि फडकं समोर खुंटीवर कोरडं लटकत होतं.